निळ्या पिंपात कोणाचे काय

भांड्यांवर नाव असते, ते एक बरे. सुनयना लग्न होऊन करंजाड्याच्या त्या तिसऱ्या मजल्यावर आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने स्वयंपाकघरातले एकेक भांडे उलटे करून पाहिले. पातेली, डबे, परात, ताटे. काठाखाली मशीनने ठिपके ठिपके पाडून कोरलेले होते: सौ. उन्नती दिलीप शेडगे. ती सगळी तिने एका गोणपाटात बांधून माळ्यावर टाकली आणि स्वतःच्या आईने दिलेली भांडी मांडली. दिलीप कामावरून आला आणि त्याने ओट्याकडे पाहिले. जरा वेळाने एवढेच म्हणाला, “तांब्या कुठाय?”

तांब्या तेवढा खाली काढावा लागला. सकाळी उठल्यावर तो त्याच तांब्याने पाणी प्यायचा. त्यावर लिहिले होते: ‘चि. उन्नतीस आईकडून’.

उन्नती ही दिलीपची पहिली बायको. डेंग्यूने आठ दिवसांत गेली, त्याला तीन वर्षे झाली होती. तिचा फोटो दिलीपने लग्नाआधी स्वतःच भिंतीवरून उतरवला होता. खिळा राहिला होता, त्यावर सुनयनाने कॅलेंडर लावले. भांडी झाली, फोटो झाला, कपाट झाले. राहिले ते बाल्कनीतले निळे पिंप.

तळोज्याच्या ज्या कंपनीत दिलीप पाळीवर जायचा तिथून भंगारात निघालेले ते प्लास्टिकचे पिंप. आडवे कापलेले, बुडाला तापलेल्या सळईने भोके पाडलेली. मातीने भरल्यावर चार माणसांशिवाय हलले नसते. त्यात एकात एक घुसून काय काय वाढत होते. सदाफुली होती, गुलबक्षी होती, पानओवा होता, कडेवरून खाली ऑफिस टाइमची गुलाबी फुले लोंबत होती. एवढी सुनयनाला ओळखता यायची. बाकीचे नुसते हिरवे होते. कुठले लावलेले, कुठले आपोआप आलेले, कुठले फूल देणारे आणि कुठले नुसते माजलेले, हे सांगणारी बाई आता नव्हती. आणि झाडांवर नाव कोरलेले नसते.

सुनयनाचा जन्म कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतला. बाप, शिवराम, वाशीच्या बाजारात तीस वर्षे बटाट्याची पोती वाहायचा. गाव कोरेगावकडे, पण ती तिथे सुट्टीपुरती जायची. बापाला अर्धांग झाला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. त्याचे हगणेमुतणे तिने केले, भावाचे लग्न तिच्याआधी उरकले, आणि बाप गेला तेव्हा तिला बघायला येणाऱ्यांत फक्त बिजवर उरले होते. छत्तिसाव्या वर्षी दिलीपचे स्थळ आले. निर्व्यसनी, मूलबाळ नाही, स्वतःचा फ्लॅट. आई, बाळाबाई, म्हणाली, “मेलेली सवत बरी असती. भांडत न्हाई.”

बाळाबाईचे हे म्हणणे चुकीचे होते. जिवंत सवतीला निदान वय झाले असते, तिचे दात पडले असते, तिचे काही चुकले असते. उन्नतीचे आता काहीच चुकणार नव्हते.

दिलीप तुलना करत नसे. तो चांगला माणूस होता आणि सुनयनाची अडचण तीच होती. भाजीत मीठ जास्त झाले तर तो पाणी पिऊन जेवायचा. फक्त कधीतरी, काही विचारले की, सहज, दाराची कडी लावावी तसा म्हणायचा, “उन्नतीला माहीत होतं.” गॅसचे कार्ड कुठे आहे? उन्नतीला माहीत होतं. दूधवाल्याचे आडनाव? उन्नतीला माहीत होतं. सुनयना द्रोणागिरीच्या एका गोदामात खोक्यांवर लेबले चिकटवायचे काम करायची. दिवसभरात हजारो खोकी तिच्या हाताखालून जायची आणि प्रत्येकाला कळायचे आपण कोण, कुठून आलो, कुठे जाणार. घरी आली की बाल्कनीचे दार उघडायची आणि त्या पिंपातले एक पानसुद्धा तिला आपले म्हणून ओळख देत नसे.

तिला एकच पाहिजे होते. त्या पिंपात एक तरी झाड असे असावे, की दिलीपने त्याचे नाव विचारावे आणि ते फक्त तिलाच सांगता यावे.

मे महिन्यात बाळाबाईने गावाहून आणलेले गुलछडीचे कंद दिले. सात. जुन्या परकराच्या चिंधीत बांधलेले, कांद्याच्या पिल्लांसारखे. सुनयना खुरपे घेऊन पिंपापाशी बसली तेव्हा दिलीप दारात उभा होता.

“मधे नको लावूस,” तो म्हणाला. “कडेनं लाव.”

“का?”

“मधे आहे काहीतरी.”

मधे मोगऱ्याचा वाळका खुंट आणि कोरडी माती, एवढेच होते.

“काय आहे?”

“आता नाही दिसत. पावसात येतं. दरवर्षी येतं.”

“नाव काय त्याचं?”

“मला काय माहीत. उन्नतीला माहीत होतं.”

तो चहा घ्यायला आत गेला. सुनयनाने सातही कंद मधेच लावले, त्या खुंटाभोवती, चांगले खोल, एकमेकांना खेटून. माती थापताना तिने जरा जास्तच जोर लावला.

जुलैपर्यंत मधली जागा भरून गेली. दोन तऱ्हेचे कोंब होते. एक बारीक, लांबट, गवतासारखी पाती. त्यांचे सात-आठ झुबके. दुसरे दोनच, पण जाड, तुकतुकीत, बोटाबोटाने वाढणारे, रुंद पानांचे आणि पानाच्या टोकाला शेपटीसारखा पीळ असलेले. यातले एक तिचे होते आणि एक त्या बाईचे. सुनयना रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर बसायची, शाळेच्या फोटोत आपले मूल शोधावे तशी.

आईला तिने फोनवर विचारले, “गुलछडीचं पान कसं असतं गं?”

“हिरवंगार, चकचकीत. टोक असतंय लांब,” बाळाबाई म्हणाली. “आलीत का?”

“आलीत. दोन.”

“सातातली दोनच?”

“दोनच. पण जोरात आहेत.”

गोदामात तिच्या शेजारच्या टेबलावर मनस्वी नावाची मुलगी होती. तिच्या फोनमध्ये झाडांची नावे सांगणारे ॲप होते. जेवणाच्या सुट्टीत सुनयनाने तिला फोटो दाखवले.

“हे तर लिली आहे ताई. फ्लेम लिली. ब्याण्णव टक्के.”

“लिली म्हणजे कांद्यातून येतं ते ना?”

“हो. बल्बच असतो.”

“आणि हे दुसरं?”

मनस्वीने फोन आडवा-उभा केला. “ग्रास दाखवतंय. चौसष्ट टक्के. ताई, फोटो हललाय तुमचा. परत काढा ना.”

“कशाला? चौसष्ट पुष्कळ झाले,” सुनयना म्हणाली.

त्या रविवारी तिने स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि गवताचे सगळे झुबके मातीलगत छाटले. उपटायला गेली तर पाती तुटून हातात येत होती, मुळे खोल होती. पुढच्या रविवारी ती पुन्हा बोटभर वर आली. पुन्हा छाटली. एवढी चिवट असणारच, ती मनात म्हणाली; कोणाची आहेत! तिसऱ्या रविवारी छाटताना ती गुणगुणत होती.

दोन जाड वेलींसाठी मात्र तिने काय काय केले. ब्लाउजच्या काठाच्या पट्ट्यांनी काठीला बांधले. कांद्याच्या सालींचे पाणी घातले, तांदळाच्या धुवणाचे घातले. पानांच्या टोकांना जे मिळेल ते ती धरत. ग्रिल धरले, मग वाळत घालायची दोरी. एकदा दिलीपचा शर्ट काढायला गेली तर बाहीच धरून ठेवलेली. तिने दिलीपला बोलावून दाखवले.

“या वर्षी छान धरलंय,” तो म्हणाला.

सुनयनाने ते वाक्य आठवडाभर जपून वापरले. भाकरी थापताना, बसमध्ये, लेबले चिकटवताना. या वर्षी छान धरलंय. ‘या वर्षी’ हे शब्द तिला ऐकू आले नव्हते असे नाही. तिने त्यांचा अर्थ आपल्या लग्नाचे पहिले वर्ष असा लावला होता.

गौरी दोन दिवसांवर आल्या. सुनयनाने घरच्या तयारीसाठी रजा घेतली होती. पहाटे दिलीप पहिल्या पाळीला निघण्याआधी तांब्या घेऊन बाल्कनीत गेला आणि तिथून त्याचा आवाज आला, “आलं!”

ती ओल्या हातांनी धावली. हिरव्या, खाली मान घातलेल्या कळ्या ती पंधरा दिवस बघत होती. गुलछडी पांढरी असते हे तिला माहीत होते. कळी हिरवी असली तरी आतून पांढरेच निघेल असे तिने ठरवले होते. चार फुले उमलली होती. पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, कडा कुरळ्या, बुडाशी पिवळ्या आणि टोकाकडे पेटत गेलेल्या लाल. ज्योत वाऱ्यात धरावी तशी.

“दरवर्षीचं तेच,” दिलीप म्हणाला. त्याने एका पाकळीला बोट लावले. त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते सुनयनाने आजवर पाहिले नव्हते. लग्नाच्या फोटोंतही नव्हते. मग त्याने घड्याळ बघितले आणि डबा घेऊन तो गेला.

ती तिथेच उभी राहिली. दोन महिने तिने सवतीला न्हाऊ-माखू घातले होते. ब्लाउजच्या काठांनी तिचे केस बांधले होते.

उजाडल्यावर तिने बाळाबाईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन फुलांसमोर धरला.

“अगं बया!” पडद्यावर बाळाबाईचे अर्धे कपाळ दिसत होते. “ही तर कळलावी! कुनी लावली ही?”

“कोणी लावणार?”

“घरात ठिवत न्हाईत गं ही. नावच हाय, कळ लावती. नवराबायकूत भांडनं लागत्यात. दुस्मनाच्या दारात नेऊन टाकत्यात आमच्याकडं. उपट आदी! मुळासकट उपट!”

फोन बंद झाला. सुनयनाला एकदम हलके वाटले. चांगली, गुणी, सगळे माहीत असणारी उन्नती. तिने घराच्या मधोमध कळलावी लावून ठेवली होती. येणाऱ्या बाईसाठी. आता कात्री नको, खुरपेच घ्यावे. ती खुरपे घेऊन पिंपापाशी टेकली, पहिला घाव मातीत घातला, आणि दाराची घंटा वाजली.

दारात एक म्हातारी होती. काळीसावळी, उंच, नऊवारी आखूड नेसलेली, कानात सोन्याच्या जड बुगड्या, हातात रिकामी प्लास्टिकची पिशवी. तीन जिने चढून धापा टाकत होती.

“दिलीप हाय?”

“ड्यूटीवर गेलेत. आपण?”

“मी पुतला. उन्नतीची आय.” तिने चपला काढल्या आणि आत आली, शंभरदा आल्यासारखी. “तू सुनयना. बस बस, मी काय पावनी नाय. फुलं न्याला आयलेय. गवरीला लागतात.”

सुनयनाच्या हाताला माती होती. ती लपवायला ती ओट्याकडे वळली. पाणी द्यायला हवे होते. भरलेले भांडे एकच होते, सकाळी दिलीपने ठेवलेला तांब्या. ते लक्षात येईपर्यंत तो म्हातारीच्या हातात गेला होता.

पुतळाबाई वरून पाणी प्यायली. मग पदराने तांब्या पुसला आणि अंगठा त्या कोरलेल्या ठिपक्यांवरून सावकाश फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“वाचता येतं तुम्हाला?” सुनयनाने विचारले.

“नाय गो. पन हितं तिचं नाव हाय, म्हाईत हाय.”

आपल्या नावावरून असा अंगठा फिरवणारे कोणी आहे का, हे सुनयनाच्या मनात आले आणि ते आल्याचा तिला राग आला. “तुम्ही घेऊन जा तो,” ती म्हणाली. “तुमचाच आहे.”

म्हातारीने तिच्याकडे नीट बघितले. “दिलेला परत नेत नाय कोनी. आन जावय पानी कशातून पेल?” तांब्या तिने जमिनीवर ठेवला. “तू पन माजी पोरच.”

“मला आई आहे.”

“असूं दे ना. दोन आया काय जड होतान?”

ती उठून बाल्कनीत गेली. सुनयना मागोमाग. खुरपे मातीत तसेच रुतलेले होते. पुतळाबाईने ते पाहिले, उपसले, बाजूला ठेवले. काही विचारले नाही. हे न विचारणे सुनयनाला जास्त लागले.

“माझी आई म्हणते ही कळलावी आहे,” ती म्हणाली. “घरात भांडणं लावते.”

पुतळाबाई खो खो हसली. बुगड्या हलल्या. “भांडनाला झाड कशाला लागतं? मानसं हायत ना! कल म्हंजे पोटातली कल, बाय. बाई अडली का याचा कांदा वाटून बेंबीखाली लेप द्यायचा. कला सुटायच्या. माजी सासू सुईन व्हती, तिनं किती सोडवल्या असतील. पन तोंडात नाय घालायचा हां, जहर हाय. हात धुव तू. आन आमी त्याला कललावी नाय बोलत. गवरीचं हात बोलतो. बग ना, कसा पसरलाय.” तिने फूल बोटांवर उचलून धरले. “सा बोटं. देवीला एक जास्ती.”

“म्हणून लावलं होतं का उन्नतीताईंनी? मूल व्हावं म्हणून?”

“तिनं?” म्हातारी थांबली. “तिनं नाय लावला, मी नाय लावला. आमचा डोंगर कापला ना, तवा चार गोनी माती आनली या पिंपाला. कांदा मातीसंगं आला. पयल्या साली तीच मला फोन करून बोलं, आय, यो काय उगवलाय, उपटू का? तिला कुठं ठावं? मी येऊन नाव सांगितला.”

उन्नतीला माहीत नव्हते.

सुनयना हे ऐकून ग्रिलला टेकली. ज्या शहाणपणावर ती डिसेंबरात लग्न होऊन आल्यापासून जळत होती ते शहाणपण त्या बाईचे नव्हतेच. तिनेही इथेच उकिडवे बसून, हातात खुरपे घेऊन, हे काय म्हणून विचारले होते. क्षणभर सुनयनाला उन्नती आपल्याएवढी दिसली. मग लगेच हेवा दुसऱ्या अंगाने आला: तिने विचारले आणि तिची आय तीन जिने चढून आली. माझ्या आईने अर्धे कपाळ दाखवले.

पुतळाबाई फुले खुडता खुडता खाली वाकली. “आन ही कोनी कापली गो?”

“गवत आहे ते.”

“गवत?” तिने एक बोट मातीत खुपसले, फिरवले. मातीतून पांढऱ्या कंदाची पाठ वर आली. “गुलछडी हाय ही. मीठागराकडं एकांची फुलांची वाडी व्हती, ढिगानं लावायचं. एक, दोन... सात हायत.” तिने मान वर करून सुनयनाकडे बघितले आणि तिला कळले. “बाय गो बाय! आपलीच कापत रायलीस?”

सुनयनाचे डोळे भरले होते, पण ते या म्हातारीसमोर वाहू द्यायचे नव्हते.

“मरत नाय,” पुतळाबाई माती परत सारत म्हणाली. “कांदा शाबूत हाय. पात फुटंल. फूल या साली नाय देनार, पुढल्या साली देल. मेल्या, कात्री लपव तेवढी.” मेल्या हे तिने कोणाला म्हटले ते कळले नाही.

फुले चारही घेऊन ती निघाली. कळ्या ठेवल्या. दाराशी चपला घालताना म्हणाली, “कल्या राहू दे. तुज्या गवरीला उमलतील.” जिन्यावरून उतरताना तिचा हात कठड्यावर घासत जाण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

चार वाजता दिलीप आला. बूट काढले, तांब्या भरून घेतला आणि सरळ बाल्कनीत गेला.

“फुलं?”

“उन्नतीताईंची आई आली होती. घेऊन गेल्या.”

“अरे, हो. येतात त्या. सांगायचं राहिलं माझं.”

“नाव माहीत आहे तुम्हाला त्याचं?”

“नाही ना. उन्नतीला...”

“कळलावी,” सुनयना म्हणाली. “गौरीचे हात पण म्हणतात. आणि उन्नतीलाही माहीत नव्हतं. तिनं आईला विचारलं होतं. उपटायला निघाली होती ती.”

हे सांगण्याची तिने दुपारभर वाट पाहिली होती. शब्द गोड लागले. मग तिने दिलीपकडे पाहिले. तो पाणी प्यायचा थांबला होता. काहीतरी त्याच्या हातातून गेले होते, लहानसे, रोज हात लागून गुळगुळीत झालेले. आणि ते तिने नेले होते. ते तिच्याकडेही आले नव्हते.

“असं होय,” तो म्हणाला.

तो पिंपाकडे वळला. वेलीच्या मुळाशी मातीत सात खुंटलेले झुबके होते.

“आणि हे काय आहे?”

हाच तो प्रश्न. मे महिन्यापासून ती याच्यासाठी थांबली होती.

“गुलछडी,” ती म्हणाली. “माझी आहे. आईनं दिलेली. सात आहेत.”

“मग ही कापली कोणी?”

समोरच्या इमारतीत कोणीतरी गालिचा झटकत होते. सुनयनाने तो आवाज संपू दिला.

“मीच.”

दिलीप हसला नाही. तो खाली वाकला आणि तांब्यात उरलेले पाणी त्याने त्या बुडख्यांवर सावकाश ओतले, एकेकाला थोडे थोडे, सातही. सुनयना त्याच्या हाताकडे बघत होती. ओतताना उन्नतीचे नाव कोरलेली बाजू त्याच्या तळव्याखाली होती की बाहेर, एवढे तिने बघून ठेवले.